दसऱ्याला अडलेलं नेट

सणाच्या दिवशी तक्रारीचा फोन आला की माझा दादा कपाळाला हात लावतो आणि मी स्कूटरची चावी शोधायला लागते. कशेळ्याच्या बाजारात आमचं दोघा बहीणभावांचं इंटरनेटचं दुकान आहे. आसपासच्या गावांना आम्ही लाईन देतो. वायरी ओढणं, खांबावर चढणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं ही दादाची कामं. राऊटरचं काय बिनसलंय ते शोधणं हे माझं. गोड बोलणं मला जमत नाही. ‘बंद करून चालू करा’ एवढंच फोनवर सांगून मोकळ्या होणाऱ्या माणसांचा तर मला मनापासून राग येतो. बंद करून चालू केल्यावर नेट चालतं, मान्य आहे, पण ते का चाललं हे कळलं नाही तर मला जेवण गोड लागत नाही. बिघाड जितका विचित्र तितका मला हुरूप येतो. आई म्हणते, लोकांचं काही बिघडलं की हिचा चेहरा खुलतो. ते अगदीच खोटं नाही.

त्या दसऱ्याला मी दुकानाच्या शटरला तोरण बांधत होते. झेंडूची फुलं, आंब्याची पानं आणि मधेमधे नव्या भाताच्या लोंब्या. तेवढ्यात दादाचा फोन वाजला. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातल्या काकींचा होता. बरीच वर्षं त्या आमच्या गिऱ्हाईक आहेत, आणि वर्षातून एकदासुद्धा त्यांची तक्रार येत नाही. दादाने फोन स्पीकरवर टाकला. काकी म्हणाल्या, “नेट हाय पन नाय.”

हे ऐकल्याबरोबर माझा तोरणावरचा हात थांबला. साफ बंद पडलेलं नेट म्हणजे कुठेतरी वायर तुटलेली, त्यात डोकं चालवण्यासारखं काही नसतं. पण आहे आणि नाही म्हणजे आत काहीतरी मजा आहे. काकी सांगत होत्या, काल सगळं ठीक होतं, आज सकाळच्या पूजेनंतर असं सुरू झालं. टीव्ही चालतो, पोरीचा मोबाईल चालत नाही, मग मधेच चालतो, मग पुन्हा नाही. दादाने अर्थातच बंद करून चालू करायला सांगितलं, आणि उद्या सकाळी येतो म्हणाला. त्यावर काकींनी त्याला अडवलं. मग म्हणाल्या, चार वाजता पोरीच्या बघण्याचा कार्यक्रम आहे, आणि तो मोबाईलवरच आहे. मी दादाच्या हातातून फोन काढून घेतला आणि निघालेच म्हणून सांगितलं.

काकींच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी तिला मुंबईकडच्या एका मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात ठेवलं होतं. तिथे ती खुणांची भाषा शिकली. आता ती कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. कशेळ्याहून जीपने कर्जत, तिथून कंपनीची बस. घरात तिची भाषा कोणाला येत नाही. जेवायला ये, पाणी आण, बरं वाटतंय का, एवढ्यापुरत्या घरच्या खुणा काकींनी आणि काकांनी स्वतःच तयार केल्या आहेत. पण मनातलं सगळं बोलायला तिला तिच्यासारखंच माणूस लागतं, आणि ते मोबाईलच्या पडद्यावर भेटतं. तिथेच तिला फलटणकडचा एक मुलगा भेटला होता. तोही ऐकू न येणारा, एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा. वर्षभर दोघं रोज संध्याकाळी हातांनी बोलत होते.

मुलाच्या वडिलांचं मन मात्र तयार नव्हतं. दोघांनाही ऐकायला येत नाही, दोघांनाही बोलता येत नाही, मग ही दोघं संसार कशी करणार, असा त्यांचा प्रश्न होता. मुलाने फार हट्ट धरल्यावर ते म्हणाले, माझा पाय प्लास्टरमध्ये आहे, मी येऊ शकत नाही. दसऱ्याच्या मुहूर्तावर मला तुम्ही दोघं बोलताना दाखवा. मी बघेन आणि मग ठरवेन. थोडक्यात, सगळं त्या एका व्हिडिओ कॉलवर येऊन थांबलं होतं.

मी पोचले तेव्हा घर शेणाने सारवल्यासारखं स्वच्छ होतं, म्हणजे जमीन फरशीचीच, पण नुसती चकचकीत. काकी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर अवघडून बसले होते. मुलगी मोरपंखी साडी नेसून दारातच उभी. तिने मला आत ओढलं, मोबाईलवर काहीतरी टाईप केलं आणि माझ्यासमोर धरलं. लिहिलं होतं, “ताई, मोबाईलच्या रेंजवर करून बघितलं. चित्र अडकतं. माझे हात मधेच थांबलेले दिसले तर त्यांना वाटेल मला बोलता येत नाही.”

मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि कामाला लागले. आधी बाहेरून येणारी लाईन तपासली. राऊटरला लॅपटॉप थेट वायरने जोडला, तर नेट धो धो येत होतं. म्हणजे आमची लाईन ठणठणीत, आणि दोष या घराच्या आतच कुठेतरी. मग मुलीचा मोबाईल घेतला. वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, पण नेट शून्य. वायफाय बंद करून पुन्हा लावलं, तर चाललं. पुन्हा बंद करून लावलं, तर नाही. तिसऱ्यांदा चाललं. माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं. एकाच जागेवर, एकाच मोबाईलवर, एकदा हो आणि एकदा नाही, असा बिघाड मी तोपर्यंत प्रत्यक्ष पाहिलाच नव्हता.

मधेच दादाचा फोन आला की राऊटर एकदा बंद करून चालू कर. मला राग आला, पण घड्याळ बघून तेही करून टाकलं. नेट आलं. मुलीने टाळ्या वाजवल्या, काका उठून उभे राहिले, काकी झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. काकींची पुढची पुरी तळून व्हायच्या आत नेट पुन्हा गेलं. मुलगी मटकन खाली बसली. तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्याच वेळी आतून उकळ्याही फुटत होत्या.

इथे एक गोष्ट समजावून सांगते. घरातला प्रत्येक मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप वायफायला जोडला गेला की आधी राऊटरला विचारतो, मी कुठे बसू? राऊटर त्याला एक नंबर देतो, आणि बाहेर जायचं दार कुठे आहे तेही सांगतो. या कामाला आमच्यात डीएचसीपी म्हणतात. लग्नाच्या पंगतीत येणाऱ्या माणसाला हाताला धरून पानावर बसवणारा एकजण असतो ना, तसंच हे. तो नीट बसवतो तोवर वाढपी बरोबर येतात आणि कोणी उपाशी राहत नाही.

मी मोबाईलला कुठला नंबर मिळालाय ते उघडून पाहिलं. या नंबरात टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे असतात, आणि आम्ही हल्ली बसवतो त्या राऊटरने दिलेल्या नंबरात तिसरा आकडा एक असतो. इथे तिसरा आकडा शून्य होता. मी वायफाय बंद करून लावलं. एक, आणि नेट चालू. पुन्हा केलं. शून्य, आणि नेट गायब. मी उभ्या उभ्या हसायला लागले. या घरात पानावर बसवणारे दोघंजण होते. जो आधी ओरडेल त्याचं पाहुणा ऐकत होता, आणि दुसरा जिथे नेऊन बसवत होता तिथे वाढपी फिरकतच नव्हते. सकाळपासून टीव्ही चालत होता, कारण त्याला नशिबाने बरोबरचा माणूस भेटला होता.

आता दुसरा कोण, हे शोधायचं होतं. त्या शून्यवाल्या नंबरवरून मी त्याचं पान लॅपटॉपवर उघडलं.  समोर एक ओळखीचं हिरवं पान आलं. आम्ही पूर्वी जे राऊटर द्यायचो आणि आता देत नाही, त्यांचं पान. म्हणजे घरात कुठेतरी एक जुना राऊटर जागा होता. वायफायच्या यादीत तो वेगळा दिसत का नव्हता, तेही लगेच कळलं. दादा नवा राऊटर लावताना जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला पुन्हा टाईप करायला नको आणि त्याला पुन्हा फोन यायला नको. दादाच्या आळसाला घरी जाऊन बघून घेईन, असं मनाशी ठरवलं.

काकींना ओरडून विचारलं, घरात आणखी कुठला राऊटर लावलाय का? कढईपासून न हलता त्या म्हणाल्या, नाही, नेटचा डबा तो एकच, टीव्हीखालचा. काकांना विचारलं, त्यांनी काकींकडे बोट दाखवलं. शेजाऱ्यांनी चोरून वायर ओढली असेल म्हणून मी घराला एक फेरीसुद्धा मारली. परसात कोंबड्यांखेरीज कोणी नव्हतं. तोपर्यंत साडेतीन होऊन गेले होते. मुलगी माझ्या मागे मागे फिरत होती आणि सारखी स्वतःची बोटं मोडत होती.

शेवटी मी फरशीवर बसले आणि नव्या राऊटरच्या मागे लावलेली एकेक वायर हाताने चाचपत गेले. एक आमच्या लाईनची. दुसरी टीव्हीची, असं मी आल्यापासून धरून चालले होते. ती टीव्हीकडे जात नव्हती. ती भिंतीच्या कडेने सरकत, खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून मधल्या खोलीत आणि तिथून आतल्या देवाच्या खोलीत शिरत होती. पूर्वी राऊटर त्या खोलीत असताना दादानेच ती ओढली होती, आणि नंतर काढायचे कष्ट घेतले नव्हते. मी गुडघ्यांवर रांगत तिच्या मागे गेले. मुलगी साडी सावरत माझ्या मागे.

देवासमोर पाटावर दसऱ्याची पूजा मांडलेली होती. कोयता, दोन विळे, कुऱ्हाड, काकांचा पाना, बाजूला शिलाई मशीन, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. पाटाच्या एका टोकाला फुलांचा मोठा ढीग होता, आणि त्या ढिगाच्या आत हिरवे दिवे लुकलुकत होते. मी दोन फुलं बाजूला केली. जुना राऊटर होता, कपाळाला कुंकू लावलेला, समोर आपट्याची पानं आणि एक पेढा.

मी इतक्या मोठ्याने हसले की काकी धावत आल्या. मुलीने फुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोक्यावर हात मारून घेतला. काकींना आधी काही समजेना. मी सांगितलं की सगळा घोळ याच्यामुळे झालाय. तेव्हा त्या पदराला हात पुसत खाली बसल्या.

“या दोघांची वळख त्याच्यावरनंच झाली ना गं बाय,” त्या म्हणाल्या. “नवा आला म्हनून त्याला तसाच माळ्यावर ठेवू? आमच्यात पूजा झाली की हत्याराला थोडं तरी काम द्यायचं असतं. वायर तितंच लोंबत व्हती, ती लावली. भायेरचं टोक त्या डब्याला लावलं. दिवे लागले, मला बरं वाटलं. तू इचारलंस तवा पूजेतला डबा माज्या ध्यानातच नाय आला.”

 काका पॉवर टिलर चालू करून अंगणात दोन हात पुढे नेतात, शिलाई मशीनवर काकी चार टाके घालतात, तसंच त्यांनी याचंही केलं होतं. मला त्यांचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं, आणि वेळ इतका कमी असताना ते पटावं याचा मला राग आला. दादाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, उपटून टाक आणि ये, सोनं वाटायला जायचंय. सोपं तेच होतं. मी प्लगला हात घातलासुद्धा. काकी माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मी हात मागे घेतला.

मला दुसरीच कल्पना सुचली होती, आणि ती सुचल्यावर तर मला दम निघेना. मुलीने कॉलसाठी हीच खोली ठरवली होती, कारण उजेड इथेच चांगला होता आणि हात स्पष्ट दिसायला उजेड लागतो. पण बाहेरच्या नव्या राऊटरचं वायफाय दोन भिंती ओलांडून इथे येईपर्यंत अर्धं होतं. मग या जुन्याला इथेच ठेवायचं. त्याच्याकडून पानावर बसवायचं काम तेवढं काढून घ्यायचं, आणि बाहेरून आलेलं नेट फक्त या खोलीत पोचवायचं काम द्यायचं. नंबर वाटणारा एकच राहील, आणि काकींच्या हत्यारालाही काम मिळेल.

पण त्याचा आतला पासवर्ड लागेना. दादाच्या लाडक्या पाचही शब्दांना त्याने नकार दिला. आता उरला तो मागच्या बाजूचा बारीक भोकातला खटका, जो दाबून धरला की राऊटर सगळं विसरतो. मी काही म्हणायच्या आत काकींनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून माझ्या हातात ठेवली. पूजेतल्या वस्तूला टोचायचं म्हणून मी क्षणभर थांबले. काकींनी देवाकडे बघून हात जोडले आणि मला मान हलवून परवानगी दिली.

दिवे विझले, पुन्हा लागले. मी पाटासमोर मांडी घालून भराभर टाईप करत होते. आधी त्याचं नंबर वाटणं बंद केलं. त्याला स्वतःला नव्या राऊटरच्या घरातला एक नंबर दिला. वायफायचं नाव मुद्दाम वेगळं ठेवलं, दादाची खोड माझ्याकडून नको म्हणून. मग मुलीच्या हातात मोबाईल दिला. तिने जोडला. तिसरा आकडा एक. तोडला, जोडला. एक. पुन्हा तोडला, पुन्हा जोडला. एक. आम्ही दोघी तिथेच फरशीवर एकमेकींच्या गळ्यात पडलो. माझ्या कुर्त्याला कुंकू लागलं आणि काकींचा जीव भांड्यात पडला. त्याच वेळी तिचा मोबाईल थरथरायला लागला. फलटणचा कॉल होता.

मोबाईल डब्यांच्या थप्पीला टेकवून ठेवला. पडद्यावर मुलगा, खाटेवर पाय लांब केलेले त्याचे वडील आणि शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली आई. मी दाराशी लॅपटॉप घेऊन उभी राहिले, नेट कुठे अडखळतंय का ते बघत. आधी मोठ्यांचं झालं. भात कसा आलाय, पायाचं काय म्हणतात डॉक्टर, तुमच्याकडे पाऊस गेला का. काका प्रत्येक प्रश्नाला हो हो एवढंच म्हणत होते. वडील थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, आता त्या दोघांना बोलू द्या.

दोघं बोलायला लागली. सुरुवातीला मुलगी घाबरलेली होती, तिचे हात अंगाशीच हलत होते. मग त्याने काहीतरी विचारलं आणि ती सुटली. तिने दोन्ही हातांनी फुलांचा ढीग केला, त्यात बोटं लुकलुकवली, माझ्याकडे बोट केलं, रांगून दाखवलं, पिन टोचून दाखवली. एवढं मलाही कळलं. तो पोट धरून हसला, खाटेचा आधार घेऊन. मग त्याने काहीतरी सांगितलं, ती रुसली, त्याने समजूत काढली, मग दोघांचे चेहरे गंभीर झाले आणि हात हळू हळू चालायला लागले. ते काय होतं ते कळलं नाही. मी लॅपटॉपकडे बघायचं विसरूनच गेले. चित्र एकदासुद्धा अडकलं नाही.

वडील कधी मुलाच्या हातांकडे बघत होते, कधी पडद्याकडे.  त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. काकी हातातला रुमाल पिळत होत्या. शेवटी वडिलांनी विचारलं, एवढं काय सांगत्यात ही दोघं एकमेकांना? काकींनी खरं ते सांगून टाकलं, की आम्हालासुद्धा सगळं कळत नाही.

वडिलांनी मान हलवली. मग कोणाला उद्देशून नाही असं ते म्हणाले, “आमच्या घरात एवढं कोण कुनाशी बोलतच न्हाई.”

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते जरा चाचरले, आणि मग काकांना म्हणाले, पाय बरा झाला की दिवाळीनंतर आम्ही सगळे येतो, तुम्ही तारीख बघून ठेवा. काकींनी रुमाल तोंडाला लावला. काका पुन्हा हो हो म्हणाले, पण या वेळी उठून उभे राहून. मी दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडले, मला लाज वाटली नाही.

लग्न ठरल्याचं दोन्ही घरांत सगळ्यांना कळलं होतं, फक्त त्या दोघांना नाही. ती दोघं अजून बोलतच होती, आणि आम्ही कोणीच त्यांना मधे अडवलं नाही.